हिची जागा

धाकट्या बहिणीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा सगळ्यात जास्त खूश मी झालो. कारण दुकान माझ्याच गाडीच्या वाटेवर होतं. मी शहरातल्या लोकल रेल्वेगाडीवर कंडक्टर. दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. आई म्हणाली, "बरं झालं, पोरगी तुझ्या नजरेखाली घरी येईल."

शेवटचा डबा म्हणजे माझा दुसरा संसारच होता म्हणा ना. एक नर्सबाई दांडी धरून उभ्या उभ्या झोपायच्या आणि दवाखान्याचं स्टेशन आलं की बरोबर जाग्या व्हायच्या. एक वकीलसाहेब रोज तिकीट हरवायचे. "मास्तर, माणसावर विश्वास ठेवा हो," म्हणायचे. मी म्हणायचो, "माणसावर आहे साहेब, तुमच्या खिशांवर नाही."

आणि घड्याळवाले आजोबा. उमेदीच्या काळात घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. रोज संध्याकाळी ते दाराजवळच्या बाकावर बसायचे आणि शेजारची खिडकीची जागा आपली टोपी ठेवून धरायचे. डब्यात पाय ठेवायला जागा नसली तरी टोपी हलायची नाही. कुणी विचारलं तर नम्रपणे म्हणायचे, "ही आहे ना."

'ही' म्हटल्यावर काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं होतं. म्हातारी गेली असणार आणि बिचाऱ्याच्या मनाने ते घेतलं नसणार. नवख्या माणसाने वाद घातला तर नर्सबाईच त्याला डोळ्यांनी दटावायच्या. मीही कधी टोपीला हात लावला नाही.

त्या दिवशी दुपारपासून धुकं उतरलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आधीच दिवे लावावे लागले. डब्यात ओल्या लोकरीचा आणि निलगिरीच्या तेलाचा वास कोंदला होता. बहीण चढली ती दमून. दिवसभर काउंटरमागे उभी होती. मी गर्दीतून तिच्यासाठी जागा शोधत होतो, तेवढ्यात आजोबांनी टोपी उचलली. स्वतःहून! आणि म्हणाले, "ये, बस."

सगळा डबा बघत राहिला. वकीलसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तर, तुमच्या घराण्याचा वशिला मोठा दिसतोय." मी हसलो. मला बरंच वाटलं हो. बहीण खिडकीशी बसली. अंगातून शिरशिरी गेल्यासारखे तिने खांदे आवळले, एवढंच.

थोड्या वेळाने वळून बघितलं, तर ती आजोबांचा मफलर नीट करत होती. गाठ सोडून पुन्हा बांधली, टोक आत खोचलं. मनात म्हटलं, पोर मायाळू आहे.

आमचं स्टेशन आलं. ती उठेना. शिट्टी तोंडाशी धरून मी हाक मारली, "अगं, उतरतेस ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. कसं सांगू... अनोळखी प्रवासी कंडक्टरकडे बघतो ना, तसं. "आम्हाला पुढे जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम करा, मास्तर."

तुम्ही! बोलायला लागल्यापासून जी मला 'दादा, तू' म्हणते, ती. मी तिचं मनगट धरून तिला ओढलं. मनगट गार होतं, धुक्यात राहिलेल्या लोखंडासारखं. दारापाशी येताच ती दचकली. "दादा? झोप लागली का रे मला?" मी म्हटलं, "जा, आई वाट बघतेय." आणि शिट्टी मारली. चेष्टा केली असेल, अशी मनाची समजूत घातली.

पण दुसऱ्या दिवशी ती चढली आणि सरळ जाऊन तिथेच बसली. आजोबांनी टोपी आधीच उचलून ठेवली होती. मग रोजच. रोज तिला हाताला धरून उतरवायचं आणि रोज ती जरा उशिरा भानावर यायची. मी तिला दुसऱ्या गाडीने जायला सांगितलं. ती हो म्हणाली, आणि संध्याकाळी माझ्याच डब्यात चढली.

एकदा मी ड्यूटीवरून घरी आलो तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "हिला काय झालंय रे? मघाशी हाक मारली तर म्हणाली, 'कुणाला हाक मारताय?' मला, अहोजाहो... आणि जेवताना मध्येच थांबते. शेजारी कुणी बसलंय असं समजून त्या बाजूला बघते."

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या स्टेशनाच्या आधीच मी आजोबांसमोर जाऊन बसलो. धुकं काचेला चिकटलं होतं. "आजोबा," म्हटलं, "ती माझी बहीण आहे. तिला सोडा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी धरलेलं नाही, मास्तर."

"मग टोपी का उचललीत? इतके दिवस तुमच्या 'हिची' वाट बघत जागा धरत होतात ना?"

"वाट?" ते पुटपुटले. "ही बसलेलीच असते. दुसरं कुणी... हिच्यात बसू नये, म्हणून टोपी ठेवत होतो."

आजोबांच्या शेजारी ती रिकामी जागा होती. तिच्याकडे बघायचा धीर होईना.

"त्या दिवशी हीच म्हणाली, 'हिला बसू दे, मुलगी चांगली आहे.' आणि मला..." त्यांनी आपले सुरकुतलेले हात उघडून बघितले. "इतकी वर्षं नुसता आवाज ऐकत आलो हो. एकदा हिचा हात हातात धरावासा वाटला. एकदाच, असं ठरवलं होतं."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या हातांकडे बघून तोंडातून एवढंच निघालं, "माझ्या आईला एकच मुलगी आहे हो, आजोबा."

तेवढ्यात गाडी थांबली आणि बहीण चढली. माझ्याकडे न बघताच खिडकीशी जाऊन बसली. आजोबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. कालव्याचं स्टेशन आलं. एरवी तिथे कुणी उतरत नाही. आजोबा उठले, टोपी डोक्यावर घातली आणि उघड्या दारातून फलाटावर उतरले. मग वळून हात पुढे केला.

"चल," ते म्हणाले. "आज पायी जाऊ."

बहिणीच्या ओठांतून आवाज आला, "थंडी आहे."

"असू दे. मी आहे ना... चल."

डब्यात कुणी हललं नाही. नर्सबाई जाग्या होत्या. माझ्या हातातली शिट्टी घामाने निसटत होती. मग बहिणीची मान एकदम खाली पडली, आणि माझ्या अंगाला घासून काहीतरी गार दाराकडे गेलं. मी शिट्टी मारली. जीव खाऊन मारली. दार लागलं. धुक्यात आजोबा चालत जाताना दिसले. हाताला कुणी धरलेलं असावं, तसा त्यांचा कोपर वाकलेला होता.

बहीण माझ्या कुशीत शिरून रडायला लागली. "दादा, मला घरी ने रे." त्या 'रे'साठी मी नोकरीसुद्धा सोडली असती. ड्यूटी अर्ध्यावर टाकून तिला घेऊन उतरलो.

सकाळी आजोबा कालव्याकाठच्या बाकावर सापडले. गेलेले. चेहरा शांत होता म्हणतात. बहीण मात्र बरी झाली, पूर्ण बरी. पुढे तिचं लग्न झालं, मूल झालं. यातलं तिला काहीच आठवत नाही, आणि आम्हीही आठवण काढत नाही.

पण मला राहवलं नाही. थोड्या दिवसांनी मी आजोबांचं घर शोधत गेलो. दोघांसाठी हात जोडावेत, एवढाच हेतू होता. घराला कुलूप होतं. शेजारच्या काकू बाहेर आल्या. म्हटलं, "आजी कधी गेल्या हो?"

"आजी?" काकू बघतच राहिल्या. "अहो, त्यांचं लग्न कुठे झालं होतं? जन्मभर एकटाच माणूस."

"मग ते... 'ही' म्हणायचे..."

काकूंनी पदर सावरला. जिन्यात वर-खाली बघितलं. "ते आम्हाला माहीत नाही. भिंतीपलीकडून बोलणं मात्र रोज यायचं. एक आवाज बाईचा, एक त्यांचा. कुणी पाहुणी असेल म्हणून आम्ही कधी विचारलं नाही."

"आता बंद झालं असेल," मी म्हटलं.

काकूंनी दार लोटत आणलं. फटीतून एवढंच म्हणाल्या, "नाही ना. रोज येतं. बाईचा आवाज तोच आहे... पुरुषाचा मात्र बदललाय."