मिठाच्या पाण्यातला सुळका

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

भूतबित मानणाऱ्यांची मला आजही कीव येते. आणि एस्किलसारख्या दीडशहाण्यांची तर किळस येते.

डिसेंबर होता. उत्तर स्वीडनमधल्या उमेओ शहरातलं इस्पितळ. दुपार उलटली की बाहेर मिट्ट काळोख, आमच्याकडे हिवाळ्यात असतो तसा.

सिक्स्तेन नावाचा लाकूडतोड्या झाड अंगावर पडून बेशुद्ध होता. त्याच्या मेंदूत एक बारीक नळी घातली होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी यायचं. ते मी प्रयोगशाळेतल्या मशीनला द्यायचे. मेंदूच्या पेशी ज्या रसायनांनी एकमेकींशी बोलतात, त्यातलं डोपामिन पाण्यात असलं की कागदावर सुळका उठायचा. नसलं, तर सरळ रेघ.

त्याची बायको हिल्दुर उशाशी बसून त्याच्याशी बोलत राहायची.

"ओंडक्याशी काय गप्पा मारतेस, हिल्दुर?" आमचा मोठा डॉक्टर एस्किल तिच्या तोंडावर म्हणाला. "उत्तर दिलंच तर मलाही हाक मार."

आणि हसला. नालायक!

एका सकाळी सिक्स्तेन गेला.

दुपारी ती नळी धुऊन, तपासायला म्हणून, मी नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवली. दुसरं टोक थेट मशीनला.

रेघ सरळ... सरळ...

हिल्दुर निरोप घ्यायला आली. "येते मी, मायलिस. घरी कुत्रा एकटाच आहे."

कोट बाजूला ठेवून ती जरा टेकली. थोड्या वेळाने...

सुळका उठला.

मी एस्किलला बोलावलं, हिल्दुर बोलल्यावर सुळका उठल्याचं सांगितलं.

"हात धुतेस का कधी?" तो माझ्यावर खेकसला. त्याने स्वतः पाणी बदललं. रेघ सरळ झाली. मग तो हिल्दुरकडे वळला. "हं, आता बोल तुझ्या ओंडक्याशी. गंमत बघू."

बुटाला चिकटलेल्या घाणीकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पाण्यावर वाकली.

"सिक्स्तेन, मी आहे रे."

आम्ही थांबलो. मशीनची घरघर. बाकी काहीच नाही...

सुळका उठला. पार कागदाच्या बाहेर गेला.

एस्किल हसला नाही. "मशीन बिघडलंय," म्हणाला आणि दारात जाऊन उभा राहिला.

हिल्दुरने कोट उचलला. "पुरे झालं आता. चल घरी."

एस्किल बाजूला झाला. ती बाहेर पडली.

मग...

तो पुन्हा बाजूला झाला.

भिंतीला पाठ चिकटवून. पोट आत घेऊन. एखाद्या आडव्या अंगाच्या माणसाला वाट द्यावी तसा.

दारात कोणीच नव्हतं.

बाहेरून हिल्दुरचा आवाज आला. "सावकाश हं. पायऱ्या आहेत."

त्यानंतर रेघ सरळच राहिली.

एस्किल सगळ्यांना मशीन बिघडल्याचंच सांगतो. ते बदलूनही घेतलं त्याने. पण "वाट कोणाला दिलीस रे?" असं मी विचारलं की शेपूट घालून निघून जायचा. भित्रा कुठला!

परवा मात्र तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलले...

मीच खोलीबाहेर पळाले.