फाटकाची आगळ

"उद्या नवरोज. शाळेला सुट्टी. सकाळीच कालव्यावर जायचं, आणि यंदा उकडलेल्या अंड्यांच्या टकरीत माझं अंडं कैसचं अंडं फोडणार," वर्झक म्हणाला.

"तू मागच्या वेळी कच्चंच अंडं आणलं होतंस," कैसनं आठवण करून दिली.

मिवनाय हसणार तेवढ्यात अंगणातून कैसच्या अब्बांचा, दिरारचा, आवाज आला. "माझा घोडा कुठे गेला?"

अरबांनी बुखारा शहर जिंकल्यापासून प्रत्येक घराचा अर्धा भाग त्यांच्या सैनिकांना द्यावा लागला होता. मिवनाय आणि वर्झक या भावंडांच्या घरात दिरार आणि त्याचा मुलगा कैस आले. मोठी माणसं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. पोरांची मात्र लगेच गट्टी जमली होती.

तुकडीचा नायक आला. "घरमालकानंच पळवला असणार," दिरारनं सांगितलं. नायकानं विचार करण्याचे कष्ट घेतले नाहीत. मिवनायचे बाबा रेशमाचे व्यापारी. पूर्वेकडे जाणाऱ्या तांड्यासाठी ते गासड्या बांधत होते. तिथेच त्यांचे हात बांधले गेले.

"सूर्य मावळेपर्यंत घोडा आला नाही, तर याला दूर मर्व शहराच्या तुरुंगात धाडतो."

आई रडायला लागली. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. बाबांचंच कुणी ऐकलं नाही, तिथे मिवनायचं कोण ऐकणार?

"ताई, हे बघ," वर्झक फाटकाशी उकिडवा बसला होता. चिखलात टापा उमटल्या होत्या. "चोरानं नेला, तर चोराची पावलं कुठायत?"

"वर बसला असेल," मिवनाय म्हणाली.

"खोगीर तबेल्यातच आहे," कैस म्हणाला. मग तो हळूच म्हणाला, "आणि काल सगळ्यांत शेवटी अब्बा बाहेरून आले होते. आगळ त्यांनीच घालायची होती."

टापा कुठेही न रेंगाळता सरळ कालव्याकडे गेल्या होत्या. तिघं त्यांच्या मागोमाग निघाली. पुलापलीकडे एक गाव, गावाच्या टोकाला तुतीचं झाड. झाडाखाली तो करडा घोडा एका मुलाच्या खांद्यावर मान टाकून उभा होता.

"आम्ही चोरला नाही," मुलगा आधीच घाबरला होता. त्याचं नाव पसक. "हा धुक्या. आमचाच. गेल्या वर्षी फौज आली तेव्हा नेला. आज आपला आपण आला."

कैसनं मान खाली घातली. लुटीत अब्बांच्या वाट्याला घोडा आला, तेव्हा तो आनंदानं केवढा नाचला होता!

मिवनायनं बाबांचं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच राग येत होता, पण दुसरं काय करणार? पसक धुक्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

"तुमच्याबरोबर तो यायचा नाही," शेवटी तो म्हणाला. त्यानं मुठीत वाळकी तुती घेतली आणि चालू लागला. धुक्या मुकाट त्याच्यामागे निघाला. शहराच्या वेशीवर पसकनं तुती कैसच्या हातावर ठेवली. "थोडी थोडी दे. आणि माझं नाव कुठे घेऊ नका."

मावळतीचं ऊन भिंतीवर चढलं होतं, तेव्हा ते अंगणात पोचले.

"कुणाकडे सापडला?" नायकानं दरडावलं.

"कालव्यापलीकडे. एकटाच हिंडत गेला," मिवनाय चाचरत म्हणाली.

"खोटं बोलतेय," दिरार ओरडला.

कैसचे कान लाल झाले. "अब्बा, काल रात्री फाटकाला आगळ घातली होती तुम्ही?"

दिरारची नजर फाटकाकडे गेली. नायकानं त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांचे हात सोडले. "पोरं हुशार आहेत," तो म्हणाला, आणि निघून गेला. आईनं तिघांना जवळ घेतलं. बाबा मनगटं चोळत म्हणाले, "माझी वाघरं ती." शेजाऱ्यांनीही आता दारं उघडून शाबासकी दिली.

तिघांपैकी कुणालाच ती गोड लागली नाही.

"फाटक लावा रे कुणीतरी," दिरार पुटपुटला.

धुक्या कालव्याकडे तोंड करून उभा होता. मिवनाय उठली. बाबांच्या वळ उठलेल्या मनगटांकडे एकदा पाहिलं, आणि आगळ तिनं स्वतःच्या हातानं घातली.