कोऱ्या पानावरचे खळगे

"तीन वर्षांची पानं कुणीतरी फाडली," रामनाथ मास्तर म्हणाले. वही त्यांच्या मांडीवर होती आणि बोटं फाटक्या कडांवरून फिरत होती. डोळे गेल्यापासून ते बोटांनीच पाहत.

जुन्नरहून पिंपरी पेंढारला आलेल्या प्रतीक्षाने वही उघडली. ती खासगी तपास करायची आणि अमृत तिच्याबरोबर असायचा. त्याला सगळं थोडं उशिरा कळे, हे त्यालाही ठाऊक होतं.

वहीच्या पुढच्या पुठ्ठ्याला लागून दोन कोरी पानं, मग फाटके तुकडे. पलीकडे बायबलमधल्या शब्दांचे मूळ अर्थ. 'येशूला कळवळा आला.' खाली मास्तरांनी डोळे असताना लिहिलं होतं : मूळ ग्रीक शब्दात आतडी आहेत. अमृतचा हात नकळत पोटाकडे गेला.

"हिब्रू उजवीकडून लिहितात, म्हणून वहीही मी मागून सुरू केली," मास्तर म्हणाले. "गेलेली पानं बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाची. आपण म्हणतो 'व्यर्थ'. मूळ शब्द म्हणजे वाफ. दिसते, पण मुठीत येत नाही. पुस्तकात जिथं जिथं ती येते, तिथं काय उलगडतं ते मी सांगायचो, लंका लिहायची. आता पुन्हा सांगेन म्हटलं तर आठवत नाही. सोमवारी पुण्याहून छापणारे येतायत."

मास्तरांच्या बायकोने, लंकाबाईंनी, चहा आणला. कपाच्या आत बोटाचं टोक धरून त्या ओतत होत्या.

"बाई, बोट भाजंल की!" अमृत म्हणाला.

"सवय हाय, पावणं."

प्रतीक्षा कोरं पान खिडकीशी तिरपं धरून बघत होती. अमृतनेही डोकावलं. पानावर पेनाच्या दाबाने खळगे पडले होते, एकात एक गुंतलेले.

"शाई नसलेलं काय वाचता?" त्याने विचारलं. तिने पान आणखी तिरपं केलं.

चहाला आलेला शेजारी पोपट हसलाच; वही तोच टाईप करून देणार होता. "पयलीच पानं गेली ना? मग रडता कशाला राव! नवं लिखाण मागं शाबूत असंल. अजून वही माझ्या हातात कुठं आलीय?"

चर्चचे पाळक कपिलही आले होते; संशय आपल्यावर आहे हे ओळखून ते चिडले. "लोकांना मराठी बायबल पुरतं, असं मी म्हणतोच. पण मला फाडायचंच असतं तर शेवटची, ताजी पानं फाडली असती. जुनी फाडून काय मिळणार?"

"कपिलच," बाहेर येताच अमृत म्हणाला. "उघड बोलतोय, म्हणजे मुरलेला आहे."

"नाही," प्रतीक्षा म्हणाली. "चल आत. मला हे बोलायचं नव्हतं, पण बोलावं लागेल."

पोपट आणि पाळक निघून गेले होते; आत दोघंच होती. मास्तर खाटेवर, लंकाबाई भिंतीशी.

"चोराने नेमकी ताजी पानं काढली. ती पुढच्या बाजूला आहेत हे ना पोपटला ठाऊक, ना पाळकांना. दोघंही त्यांना जुनी समजतात. उरतं हे घर. कोऱ्या पानावर वरच्या पानाचे खळगे आहेत. एकाच ओळीवर चार-चार ओळी लिहिल्यात. लिहिणाऱ्याला आधीची ओळ दिसत नव्हती. आणि बाई, तुम्ही चहा बोटाने मोजता."

लंकाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"चुलीत घातली," लंकाबाई म्हणाल्या. "सोमवारी छापणाऱ्यांनी उघडून बघितली असती. एक अक्षर लागलं नसतं. आधी अंधुक दिसायचं, मग तेबी न्हाई."

"डॉक्टर?" मास्तरांनी विचारलं.

"दोन सालामागं शिबिरात दावलं. काचबिंदू, तुमच्यावानीच. लगेच या म्हनले, नायतर ऱ्हायलेली नजर जाईल."

"गेली नाहीस."

"गेले असते तर तुमाला कळलं असतं. तुमी सांगायचं थांबला असता. दिसभर तेवढंच तर बोलायचात."

अमृतला वाटलं, प्रतीक्षा आता काही उपाय सांगेल. तिने वही मिटून खाटेवर ठेवली.

"कुठं बसलीस, लंका?"

"हितंच."

मास्तरांनी हात पुढे केला. तो रिकाम्या खुर्चीकडे गेला आणि तिथेच थांबून राहिला. लंकाबाईंना ते दिसलं नाही.