लोकरीची माशी

"काका, ही काळी घ्या ना. काल नदीच्या काठावर असलेच किडे उडत होते," उर्वी म्हणाली.

अंबरीशकाकांच्या डबीत पिसांच्या खोट्या माश्या ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पोटाशी गळाचा आकडा. "शाबास! मासा जे खातो तेच त्याला द्यायचं," म्हणत त्यांनी काळी माशी गळाच्या काठीच्या दोरीला बांधली आणि छातीपर्यंत येणारी रबरी पॅन्ट चढवली. नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या काकांना या मासेमारीचं भलतंच वेड. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत ते पुतणीला घेऊन इस्लापूरला, त्यांचे मित्र वैजनाथमामा यांच्या शेतावर आले होते.

मामांची मुलं राजकन्या आणि बबलू काठावर होती. राजकन्या एकदम थबकली.

"काका, खालच्या धबधब्याचा आवाज वाढलाय, म्हणजे पाणी चढतंय. आज उतरू नका."

"अगं, वारा तिकडून येतोय, म्हणून तसं वाटतं."

"वारा न्हाई हो. मी रोज ऐकून राहिले ना!"

पण काका कसले ऐकतात! उथळ दगडांवरून ते नदीच्या मधल्या खडकावर गेले आणि मासेमारीत रंगले. थोड्या वेळानं पाणी गढूळ झालं. काटक्या, पाचोळा वाहत आला. "वर लई पाऊस झालाय!" बबलू ओरडला. काका वळले तोवर येतानाचे दगड पाण्याखाली गेले होते. त्यांनी पाऊल टाकलं आणि ते घसरले. हातातली काठी वाहून गेली. ते कसेबसे पुन्हा खडकावर चढले.

मोबाइलला रेंज नव्हती. बबलू बापाला बोलवायला शेताकडे धावला. उर्वीनं प्रवाहाच्या दिशेनं पाहिलं. खालच्या वळणापलीकडेच धबधबा. तिथं गेलेलं माणूस सापडत नाही, हे तिला कालच मामांनी सांगितलं होतं.

वैजनाथमामा विहिरीवरचा दोर घेऊन आले. खडक आणि काठ यांच्यामध्ये दोन विहिरींच्या रुंदीएवढं पाणी होतं. मामांनी जिवाच्या आकांतानं दोर फेकला, पण तो भिजून जड झाला आणि अर्ध्यातच पडला. पुन्हा फेकला, तेच झालं. पाणी काकांच्या गुडघ्याला लागलं.

"शिकायची काठी हाय ना! तिची बारीक दोरी पोचंल तिथवर!" राजकन्या म्हणाली. काकांनी मुलांना सरावासाठी जुनी काठी दिली होती. कुणाच्या डोळ्यात आकडा जाऊ नये म्हणून तिच्या दोरीच्या टोकाला आकड्याऐवजी लाल लोकरीचा गोंडा होता.

"वजन बांध आधी. गळाला शिसं लागतंच," म्हणत बबलूनं टोकाला लोखंडी नट बांधला. गावातले सगळे तसंच करत. उर्वीनं झोका दिला आणि दोरीचा गुंता होऊन नट तिच्या पायाशी पडला.

रडत रडत तिनं नट काढून टाकला. या काठीच्या दोरीलाच वजन असतं. तीच पुढं जाते, टोकाला काही लागत नाही. काकांनी हेच तर शिकवलं होतं! तिनं काठी मागं नेली, पुढं झटकली. दोरी चार हातांवर पडली. पुन्हा झटकली. तिथंच!

"उर्वी, तू घाई करून राहिलीस. मागची दोरी सरळ होऊ दे," राजकन्या म्हणाली.

"काका बुडतायत गं!"

"म्हणूनच सांगते. थांब. मी बोलले की टाक."

काका समोर मरणाच्या दारात उभे असताना थांबायचं! उर्वीनं दात आवळले. दोरी मागं गेली, हवेत सरळ झाली. "आता!"

दोरी लांबवर गेली, पण खडकाजवळून वाहत निघून गेली. पाणी आता काकांच्या मांडीला होतं.

"वरच्या अंगाला टाकायचं!" उर्वीला एकदम सुचलं. माशापुढं माशी प्रवाहानंच न्यायची असते. ती धावत पंधरावीस पावलं वर गेली. राजकन्येच्या "आता!" बरोबर तिनं काठी पुढं झटकली. लाल गोंडा पाण्यावर पडला आणि डुलत खाली वाहत गेला. काका वाकले. त्यांच्या मुठीत दोरी आली.

बाकीचं मामांनी केलं. बारीक दोरीच्या मागे सुतळी, सुतळीच्या मागे विहिरीचा दोर बांधला आणि काकांनी तो ओढून घेतला. दुसरं टोक त्यांनी करंजाच्या झाडाला आवळलं. "अंबरीश, ती रबरी पॅन्ट काढून टाक! पाणी भरलं तर बुडवील!" ते ओरडले. काकांनी ती फेकली, दोर बगलेखालून बांधला आणि स्वतःला पाण्यात सोडलं. एक क्षण ते दिसेनासे झाले. उर्वी किंचाळली. मग दोर ताणला गेला आणि पाण्यानंच त्यांना ओढत काठाला आणून टेकवलं.

काका खोकत होते, थरथरत होते. धाप थांबल्यावर त्यांनी आधी राजकन्येकडे पाहिलं. "तू सांगितलं होतंस, बाळ. मी मोठा शहाणा, ऐकलं नाही."

"आमच्या पोरींनी आज माणूस वाचवला," वैजनाथमामा म्हणाले आणि पागोट्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. बबलूकडे पाहत ते म्हणाले, "आन् तू धावत आला नसतास, तर म्या बी पोचलो नसतो."

उर्वी मात्र तशीच उभी होती, काठी घट्ट धरून. तिला ती सोडताच येईना. काका ओल्या अंगानं तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तिचं एकेक बोट हलकेच सोडवलं. शेवटचं बोट सुटलं तशी ती त्यांच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडली.