वरची फळी

खामकाठ संगीत मंडळीत अंबिका गेली कित्येक वर्षं सखीची कामं करत होती. नायिका रुसली की तिची समजूत घालायची, नायिकेच्या हातात वेळेवर तबक द्यायचं, आणि नायिका गायला लागली की तोंड मिटून मागं उभं राहायचं नि मान डोलवायची. आवाज चांगला आहे, असं तिला सगळेच सांगायचे. पण चांगल्या आवाजाच्या बायका मंडळीत आणखीही होत्या, आणि त्या अंबिकेपेक्षा उंच होत्या, गोऱ्या होत्या नि तालमीला वेळेवर यायच्या. अंबिका पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरीला. शहराच्या नळाला पाणी कधी येणार, या प्रश्नाची उत्तरं देऊन देऊन घसा बसायचा, आणि तोच बसलेला घसा घेऊन संध्याकाळी छावणीतल्या शाळेच्या हॉलमध्ये तालमीला जावं लागायचं.

यंदा मात्र तिचं घोडं गंगेत न्हालं. दिग्दर्शक रामेश्वरनं एका जुन्या कादंबरीचं संगीत नाटक करायचं ठरवलं. मराठवाड्यात जी घरोघरी कपाटात असते आणि जी वाचलीय असं सगळेच सांगतात, त्यातली ही कादंबरी. निजामाच्या काळातलं, हिमरूचं नक्षीदार कापड विणणाऱ्यांचं घर. घरात सून सुभद्रा आणि बालपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली नणंद गोदा. दोघी एका मागावर बसतात, एकमेकींशी भांडतात, एकमेकींवाचून त्यांचं भागतही नाही. सुभद्रा पन्नाशीकडं झुकलेली, म्हणून ती अंबिकेकडं आली. घरी नवरा अजिनाथनं पेढे आणले आणि पोरीनं, श्रेयानं, कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर कळवून टाकलं.

पण कादंबरी जाडजूड, आणि नाटक तीन तासांचं. काही केल्या बसेना. कुणाला तरी गाळावं लागणार होतं.

"गोदाला काढा, सर," अंबिका म्हणाली.

रामेश्वरनं दाढी खाजवली. "ताई, कमाल करता. अर्धी गोष्ट तिचीच आहे. मागावरचं पद तिचं आहे."

"पद मी म्हणते ना. सुभद्रेनं म्हटलं तर काय बिघडतंय?"

"पब्लिक विचारेल, गोदा कुठंय म्हणून."

"नाय विचारत. गाणं झकास झालं की लोकांना बास होतं."

 ऑर्गनवाल्या पुंडलिकरावांनी त्या पदाला चाल लावली, त्या दिवसापासून ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. 'उभा धागा माझा बाई, आडवा कुणाचा, शेला विणते मी गं, खांदा कुणाचा.' ऑफिसात, रिक्षात, भाजी निवडताना ती तेच गुणगुणायची. आयुष्यात एकदा तरी रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध बसून आपण एकटीनं गावं आणि सगळ्या थिएटरनं गप्प बसून ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. त्यात कुणी भागीदार नको होता. रामेश्वर दोन दिवस कुरकुरला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं गोदाला संहितेतून काढून टाकलं.

माणूस काढलं, पण माग तोच राहिला. गुलमंडीमागच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या एका कारखान्यातून रामेश्वरनं तो भाड्यानं आणला. खरा, जुना, हातांनी गुळगुळीत झालेला हिमरूचा माग. खाली विणणाराची बैठक, आणि डोक्यावर आडवी एक फळी. वर बसलेल्यानं नक्षीच्या दोऱ्या ओढायच्या, की उभे धागे उचलले जातात. मग खालच्यानं त्यातून धोटा फेकायचा. मालक म्हातारे होते. टेम्पोत माग चढवताना त्यांनी सहज म्हणून सांगितलं, "इसपे दो जने लगते बेटा. अकेले से नै होता."

"चाचा, हमको कपड़ा थोडीच बुनना है," रामेश्वर हसला. "नाटक है."

फळी काढून टाकावी असं कुणीतरी सुचवलं, पण रामेश्वरला त्या फळीनं मागाला येणारी उंची आवडली. तिच्यावर प्रकाश छान पडेल, म्हणाला. तेव्हा फळी राहिली.

मागावरची पहिली तालीम झाली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. लष्कराच्या मैदानावरून बिगुलाचा आवाज आला, तो संपेपर्यंत सगळे नेहमीप्रमाणे थांबले, आणि मग अंबिकेनं पद म्हटलं. बरं झालं. तिला वाटलं होतं तितकं नाही, पण बरं झालं. ती धोटा खाली ठेवून उठायला लागली, तर पुंडलिकरावांनी ऑर्गनचा सूर सोडलाच नव्हता. पायांनी भाता मारत ते तिच्याकडं बघत बसले होते.

"काय झालं?"

"म्हणा की."

"काय म्हणू? झालं ना पद."

"अवो, वन्स मोअर आला न्हाय का? म्हणावंच लागतंय."

मंडळीचा हा नियम जुना होता. प्रेक्षकातून वन्स मोअर आला की पद पुन्हा म्हणायचंच. घसा दुखो, नाटक लांबो, मागणाऱ्याला विन्मुख धाडायचं नाही. तो नियम तालमीलाही लागू होता. पण हॉलमध्ये प्रेक्षक कुठले? रचून ठेवलेले बाक होते आणि कोपऱ्यात हातशिलाई करत बसलेल्या कपडेपटाच्या द्वारकाबाई होत्या.

"कुणी दिला?" अंबिकेनं विचारलं.

पुंडलिकरावांनी रामेश्वरकडं पाहिलं, रामेश्वरनं तबल्याकडं. "आला होता खरा," रामेश्वर म्हणाला. "म्हणून टाका, ताई. तेवढीच प्रॅक्टिस."

तिनं पुन्हा म्हटलं.  मग तबलजी हळूच "क्या बात है" म्हणाला. घरी जाताना अंबिका रिक्षात आठवत राहिली. पहिल्या वेळची एकेक जागा तिला आठवत होती. दुसऱ्या वेळचं काहीच आठवेना, तिनं सूर घेतला एवढं सोडून. दमले असेन, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग तो परिपाठच झाला. रोज पद व्हायचं, रोज वन्स मोअर यायचा. तो सगळ्यांना ऐकू यायचा, अंबिकेला नाही. आणि रोज कौतुक व्हायचं ते दुसऱ्या वेळचं. एकदा श्रेया तालमीला येऊन बसली. परतताना स्कूटीवर म्हणाली, "आई, तू दुसऱ्यांदा कसली भारी गातेस गं! पहिल्यांदा असं वाटतं की तू पाठ केलंयस."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुझंच वाटतं."

अंबिकेला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मागं बसून तिनं पोरीच्या कमरेला घट्ट धरलं. सिग्नलला श्रेया हसून म्हणाली, "अगं, पळून जात नाही मी."

प्रयोग आठवड्यावर आला तेव्हा द्वारकाबाईंनी कपडे काढून दाखवले. सुभद्रेचं हिरवं नऊवारी, चोळी, शेला. त्याच्या शेजारी विटकरी रंगाचं आणखी एक साधं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं.

"हे कुणाचं?"

"वरच्या बाईचं," द्वारकाबाई दोरा दातानं तोडत म्हणाल्या.

"वर कोणी नाहीये, द्वारकाबाई. ते पात्र काढलंय."

"मला काय म्हाईत बाई? मला काय वाचता येतंय का तुमचं नाटक? दोन बाया हायेत म्हनून दोन लुगडी काढली." त्यांनी विटकरी लुगड्याची चोळी उलगडली. "हिचं माप तुमीच दिलतं ना?"

अंबिकेनं चोळी हातात घेतली. माप तिचंच होतं. डाव्या दंडाला थोडी सैल, तिला लागते तशी.

आपली कुणीतरी थट्टा करतंय, हे तिनं मनाशी पक्कं केलं. मंडळीत जळणाऱ्यांची वाण नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून ती सगळ्यांच्या आधी हॉलवर गेली. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, खिडकीतून कडुलिंबाची सावली मागावर पडली होती. मागावर तिचं नुसतं दाखवायचं विणकाम होतं. धोटा इकडून तिकडं टाकायचा, एवढंच तिला येत होतं. त्यातून झालं तर साधं फडकं झालं असतं. तिनं गुंडाळलेलं कापड उलगडून पाहिलं. सुरुवातीला वीतभर फडकंच होतं. त्यापुढं नक्षी सुरू झाली होती. पानं, कळ्या, बारीक कैऱ्यांची वेल. कापडाला पाठीमागूनही हात लावून बघितला तिनं. धागे मऊ आणि घट्ट होते. वर बसून कुणी दोऱ्या ओढल्याशिवाय अशी नक्षी पडत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

तिनं वर पाहिलं. फळी रिकामी होती. मधोमध मात्र तिच्यावर धूळ नव्हती.

रामेश्वर आल्याबरोबर तिनं त्याला बाजूला घेतलं. "सर, वर कोण बसतं?"

"म्हणजे?"

"तालमीत. फळीवर."

तो गोंधळून तिच्याकडं बघत राहिला. "ताई, ती तुम्हीच आणली ना? मला वाटलं तुमच्या नात्यातली असेल. मी विचारलंपण नाही, म्हटलं बिचारी गप बसून दोऱ्या ओढते, बरं दिसतं."

"कशी दिसते ती?"

रामेश्वर सांगायला गेला आणि थांबला. कपाळाला आठ्या घालून त्यानं आठवायचा प्रयत्न केला. "च्यायला," तो म्हणाला, "रोज बघतो की." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, नको असेल तर सांगा. नाहीतर असं करू, पद तिला देऊन टाकू. गोदाला परत घेऊ. अजून वेळ आहे. मला सुरुवातीपासून वाटतच होतं तसं."

अंबिका घाबरली होती. तिथून उठून सरळ घरी जावं, इतकी घाबरली होती. पण पद द्यायचं म्हटल्यावर भीतीच्या वर दुसरंच काहीतरी उसळून आलं. इतकी वर्षं तबकं धरली, आणि आता आयत्या बिळावर हा कुठला नागोबा?

"पद माझंय," ती म्हणाली. "ते मी कुणाला देणार नाय."

 पुंडलिकरावांनी ऑर्गनचा भाता सोडल्याचा उसासा तेवढा ऐकू आला.

प्रयोग रविवारी दुपारचा होता. थिएटर भरलं. पहिल्या रांगेत अजिनाथ इस्त्रीचा सदरा घालून बसला होता, शेजारी श्रेया मांडीवर फुलं घेऊन. नारळ फुटला, नांदी झाली, पडदा वर गेला. अंबिकेचं काम इतकं सुरेख होत होतं की विंगेतून रामेश्वर तिला अंगठा दाखवत होता. वर तिनं एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या अंकात मागाचा प्रवेश आला. दिवे मंद झाले. हिरव्या नऊवारीत ती खाली बसली, धोटा हातात घेतला. पुंडलिकरावांनी सूर दिला.

उभा धागा माझा बाई, आडवा कुणाचा.

या वेळी आवाज मोकळा लागला. ज्या जागेसाठी ती महिनाभर धडपडत होती ती जागा आपसूक गळ्यातून निघाली. थिएटर गप्प होतं. शेवटचा सूर तिनं अलगद सोडला, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांतून कुणीतरी खणखणीत ओरडलं, "वन्स मोअर!"

हा तिनं ऐकला. पहिल्यांदाच तिला तो ऐकू आला. तिचे डोळे भरून आले.

पुंडलिकरावांनी सूर धरला. तिनं डोळे मिटून श्वास घेतला.

पद सुरू झालं.

ते तिच्या खालून येत होतं.

अंबिकेनं डोळे उघडले. समोर प्रेक्षक होते, पण ते खाली गेले होते. तिच्या दोन्ही हातांत दोऱ्या होत्या. मांड्यांखाली गुळगुळीत फळी होती. खाली, तिच्या पायांशी, विंचरलेल्या केसांचा भांग दिसत होता, हिरवा पदर दिसत होता, धोटा सरसर जात होता. चेहरा दिसत नव्हता. आवाज अंबिकेचाच होता.

कधी चढलो आपण? तिला आठवेना. अंगावरचं लुगडं विटकरी होतं.

ओरडावं, असं मनात आलं. पण पद चालू होतं. कुणाचं पद चालू असताना मध्ये बोलायचं नसतं; इतक्या वर्षांत हाडीमासी मुरलं होतं ते. पद संपू दे, मग बोलू, असं तिनं ठरवलं. तोवर बोटं आपोआप दोऱ्या ओढत राहिली. कुठली दोरी कधी, हे बोटांना माहीत होतं.

आणि मान डोलत होती.

मधल्या पडद्याला बोटं दोऱ्या सोडेनात, आणि तिसऱ्या अंकातही तिला बोलायला जागा मिळाली नाही. सुभद्रेची सगळी वाक्यं खालची बोलत होती. अंबिका दोऱ्या धरून पडद्याची वाट बघत राहिली.

पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात. मंडळी धावत रंगमंचावर आली आणि हिरव्या लुगड्याभोवती एकच गर्दी झाली. पुंडलिकराव डोळे पुसत होते. रामेश्वर ज्याच्या त्याच्या गळ्यात पडत होता. अंबिकेनं हाक मारली, "सर!" आवाज बसका निघाला, दिवसभर ऑफिसात बोलल्यासारखा. कुणाला ऐकू गेला नाही.

"उतरा बाई सावकाश," खालून द्वारकाबाई म्हणाल्या. "लुगडं घडी करून ठिवा, मी नंतर नेते."

ती फळी धरून खाली उतरली. पायांना मुंग्या आल्या होत्या. गर्दीतून अजिनाथ आणि श्रेया येताना दिसले, आणि तिचा जीव भांड्यात पडला. आपलं माणूस आपल्याला ओळखेल. श्रेयानं फुलं पुढं केली, ती हिरव्या लुगड्याच्या हातात दिली आणि त्या गळ्याला मिठी मारली. त्या खांद्यावरून मग श्रेयाची नजर अंबिकेवर पडली. ती क्षणभर थबकली. चांगल्या घरात वाढलेली पोर. कुणाला एकटं उभं राहिलेलं तिला बघवत नसे.

"काकू," ती हसून म्हणाली, "तुमचंपण काम छान झालं हं."

आणि आईच्या कमरेला हात घालून ती तिला विंगेकडं घेऊन गेली.