भिंतीकडची खाट

होळी गावातल्या त्या हॉस्पिटलचा नकाशा मीच काढलेला, म्हणून वडिलांना, आबांना, तिथे दाखल करताना मला अंमळ फुशारकीच वाटत होती. माझं म्हणणं साधं होतं: आजाऱ्याला झाड दिसलं की त्याचा जीव शांत होतो. म्हणून पुरुष वॉर्डच्या टोकाला, केळीच्या वाडीकडे, मी मोठी खिडकी काढली होती. पुढे पार्किंगसाठी वाडी तोडली आणि खिडकीच्या जागी जिन्याची भिंत आली. मी पुष्कळ भांडले, पण मालकांपुढे माझं शहाणपण चाललं नाही.

आबांचं आतड्याचं ऑपरेशन अडलं होतं. बीपी काही केल्या उतरेना, आणि डॉक्टर म्हणत होते, उशीर परवडणार नाही.

“त्यांना भिंतीकडची खाट देते,” क्लेमेंटीन सिस्टर म्हणाल्या. “तिथं सगळ्यांचंच उतरतं.”

“तिथे तर उजेडही नाही, सिस्टर.”

त्यांनी तोवर त्या खाटेची चादर बदलायला घेतली. दुपारी पाहिलं तर दोघी नर्स त्याच कोपऱ्यात, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, डबा खात होत्या. वॉर्डभर धावपळ चालली होती आणि या दोघी अगदी निवांत. मला गंमत वाटली.

संध्याकाळी आबा उशीला टेकून बसले होते. उभा जन्म वाडीत काढलेला माणूस, पण इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“वारा बरा येतो गं इथं,” ते म्हणाले. “वाडीला पानी सोडलंय.”

“कोणी?”

“मला काय ठाऊक! पाठमोरा आहे. एक पान सारखं खिडकीच्या गजावर घासत होतं, म्हनून हात घालून मोडलं.”

औषधाची गुंगी, मी मनात म्हटलं.

तरी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी होती.

वास मात्र आला. नुकतं पाणी प्यायलेल्या मातीचा.

सकाळी बीपी उतरलं. ऑपरेशन झालं. आबा आता खडखडीत आहेत, दोन घास जास्तच जेवतात. मी खूप आनंदात आहे, खरंच.

काल त्यांचा हॉस्पिटलातला सदरा धुतला. केळीचा चीक ताजा असताना दिसत नाही. धुतल्यावर उमटतो, आणि मग जात नाही.

उजव्या बाहीवर कोपरापर्यंत काळपट डाग उमटले होते.

मनगटाशी चार बोटांचे ठसे होते. समोरून कोणी हात धरावा, तसे.