शोकांतिका शिकताना

एकोणीसशे बाहत्तरची थंडी होती. सुरतहून कडोदऱ्याला निघालेल्या संध्याकाळच्या एसटीत मी डोळे मिटून पुटपुटत होते, "नायक थोर असतो... पण निर्दोष नसतो. एका चुकीने त्याचा घात होतो..."

"बेन, कोई गुजरी गयुं?"

मी दचकले. शेजारी बसलेला तरुण खरोखर काळजीने विचारत होता.

"कोणी गेलं नाही हो! शोकांतिकेची लक्षणं पाठ करतेय. परवा चाचणी आहे." नादात मी मराठीतच बोलून गेले.

"अरे, तुम्ही आपल्याकडच्याच!" तो लाजला.

"हो. आणि मला बेन म्हणू नका."

त्याचं नाव हिलाल. मूळचा अमळनेरकडचा, गळिताच्या हंगामात चलथाणच्या साखर कारखान्यात रातपाळीला जायचा. त्याच्या स्वेटरला मळीचा आंबूस-गोड वास यायचा. तो वास मला आवडायला लागलाय, हे कळलं तोवर मी रोज त्याच्यासाठी जागा धरू लागले होते.

"पण रडायला माणसं तिकीट काढून का जातात?" एकदा त्याने विचारलं.

"करुणा वाटते, भय वाटतं... मग मन निवळतं, असं सर सांगतात."

तो बाहेरच्या उसाकडे बघत राहिला. "माय गेली तेव्हा मला रडू आलं नाही, प्रभावती. पुढे जत्रेत वग पाहिला. राणी पोराला सोडून निघाली आणि मी... लोक वळून बघायला लागले."

मी आमच्या मधे ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

हंगाम संपला. तो वळकटी आणायला शेवटचा चलथाणला निघाला, तेव्हा मी सांगून टाकलं— मामाने धुळ्याचं स्थळ आणलंय, रविवारी बघायला येतायत.

"चांगलं असेल घर," तो म्हणाला.

"एवढंच?"

"मी हंगामी माणूस... कोणत्या तोंडानं विचारू?"

"शोकांतिकेत शेवटी सगळ्यांना सगळं कळतं," मी म्हटलं, "पण फार उशिरा! मला तुम्ही हवे आहात, हिलाल. बाबा यंत्रमागाच्या पाळीवरून आले असतील आता. कडोदऱ्याला घरीच असतील."

गाडी थांबली.

"चलथाण! ऊतरो ने, भाई!" कंडक्टर ओरडला.

हिलाल उठला. त्याने खिशातून पैसे काढले.

"कडोदरानी टिकिट आपो," म्हणाला, आणि परत माझ्याजवळ बसला.

गाडी हलली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बाबांशी अहिराणीत बोलू, की शुद्ध मराठीत?"

"बोला तर आधी!" मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा हात धरला.